नाना शंकरशेट वॉक: जरूर करा, पण १८४७ चं विचारल्याशिवाय परत येऊ नका

आमच्या घरात शंकरशेट हे माणसाचं नाव नव्हतंच, ते स्कॉलरशिपचं नाव होतं. माझी आत्या ठाण्यात संस्कृत शिकवायची, दहावीचे वर्ग, आणि दरवर्षी जूनमध्ये वर्गात गेल्या गेल्या सांगायची की यंदा आपल्यातल्या कुणीतरी शंकरशेट आणायची. आणायची म्हणजे मॅट्रिकला संस्कृतात पहिलं यायचं. चिंतामणराव देशमुखांनी १९१२ साली ती मिळवली हे तिच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की मला ते पाढ्यासारखं पाठ आहे. पण ज्यांच्या नावाची ती स्कॉलरशिप ते जगन्नाथ उर्फ नाना शंकरशेट कोण, काय, हे मला चाळिशीपर्यंत धड माहीत नव्हतं आणि आत्याला पण फार नव्हतं, मोठे दानशूर होते, रेल्वे आणली, एवढंच.

म्हणून हा वॉक दिसला तेव्हा लगेच आत्याचं आणि माझं बुकिंग केलं. शनिवारी सकाळी ७ ला नाना चौकात जमायचं, चालत चालत गिरगाव, धोबीतलाव, सीएसएमटी आणि शेवटी टाऊन हॉल, माणशी ६०० रुपये, सगळं मराठीतून. आम्ही चौदा जण होतो. ग्रुपचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली तक्रारीही आहेत, पोरं मेहनती आहेत आणि नवीन आहेत, त्यांना जे सांगायचं ते मी तोंडावर सांगून आलेय. माझे पाचपैकी चार स्टार, आणि तो एक का कापला ते वाचाच, कारण माझ्या मते नानांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तिथेच अडकलीये.

सुरुवात मस्त होते. नाना चौक म्हणजे तुम्हाला माहितीये, वर तो गोल स्कायवॉक, खाली चारी बाजूंनी गाड्या, सकाळी सातलाही हॉर्न चालू, आणि आपण लाखो लोक तिथून जातो पण नाना कोण हे कुणी कुणाला विचारत नाही. तिथून अगदी जवळ भवानी-शंकराचं देऊळ आहे, शंकरशेट घराण्याचं, आत पाऊल टाकलं की चौकातला आवाज एकदम बारीक होतो. गाइड मुलीने (तिशीची असेल, आवाज छान, आत्याला पहिल्या मिनिटापासून काकू म्हणत होती) आम्हाला तिथेच ओट्यावर बसवलं आणि घराण्याचं सांगितलं. मूळचे मुरबाडकडचे, आडनाव मुरकुटे, दैवज्ञ समाज, मुंबईत येऊन व्यापारात प्रचंड पैसा कमावलेला. नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३. १८२२ मध्ये वडील गेले आणि एवढा सगळा कारभार एकोणीस वर्षांच्या पोरावर आला.

इथे गाइडने जे सांगितलं ते मला फार आवडलं, ती म्हणाली की या वयात एवढा पैसा हातात आला की माणसं दोनच गोष्टी करतात, उडवतात नाहीतर वाढवतात, नानांनी तिसरीच केली, ते कमिट्यांवर जाऊन बसायला लागले. आणि मग पुढचे चार तास तेच ऐकत होतो आम्ही, ही कमिटी, तो बोर्ड, ती सोसायटी. ऐकायला कंटाळवाणं वाटेल पण थांबा जरा. ज्या काळात मतदान नाही, निवडणूक नाही, पक्ष नाही, तिथे राजकारण करायचं कुठे? या कमिट्यांमध्येच! गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात शाळा आणि शाळेची पुस्तकं काढायला बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, त्यात नाना अगदी तरुण वयात आले. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन मुंबई सोडून निघाला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावाने फंड गोळा केला, त्यातून पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आणि कॉलेज झालं, त्यात नाना पुढे. बाळशास्त्री जांभेकर तिथे शिकवायला, दादाभाई नौरोजी तिथे आधी शिकायला आणि मग शिकवायला. म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांत मुंबईत जे जे बोलले, भांडले, लिहिलं त्यातले कितीतरी जण या एका संस्थेतून आलेत, आणि तिचा पाया घालणाऱ्यांमध्ये हा एक गिरगावचा शेट.

मग ग्रँट रोड. इथे फार वेळ जात नाही, बघायला तसं काही उरलेलंही नाही, पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८४६ मध्ये इथे नाटकगृह उघडलं, जागा नानांची. आधी गोऱ्या साहेबांची नाटकं व्हायची, आणि १८५३ मध्ये सांगलीहून विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन मुंबईत आले तेव्हा त्यांचे खेळ याच थिएटरात झाले. आमच्यातल्या एका काकांना (स्वतः हौशी नाटकवाले) हे माहीत नव्हतं, ते रस्त्याच्या कडेला जे उभे राहिले ते हलेचनात, त्यांना ओढून न्यावं लागलं.

गिरगावात शिरल्यावर वॉकचा खरा जीव सुरू होतो. ज्या रस्त्यावरून आपण चालतो त्याचंच नाव जगन्नाथ शंकरशेट मार्ग, जेएसएस रोड म्हणतो आपण, आणि मला वाटतं निम्म्या गिरगावकरांनाही त्या एसएसचं पूर्ण रूप सांगता यायचं नाही. ठाकूरद्वार, चिराबाजार, खाली आता भुयारी मेट्रो. गाइडने एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्हाला उभं केलं आणि मुलींच्या शाळेचं सांगितलं. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी मिळून स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली, पुढच्या वर्षी त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी नुकतीच शाळा काढलेली, लोक दगड-शेण फेकतायत, तो हा काळ. मुंबईत पण बोंब झालीच. जागा कोण देणार मुलींच्या शाळेला? नानांनी स्वतःच्या वाड्यात दिली. आत्या एवढंच म्हणाली, "अगं, पैसे देणं सोपं असतं, घर देणं नाही, रोज येणाराजाणारा बघतो." हे मला गाइडच्या दहा मिनिटांपेक्षा जास्त लागलं. जातीतले लोक, शेजारी, देवळात भेटणारे, सगळे बघणार की या वाड्यात पोरी शिकायला येतायत. आणि हा माणूस काही बंडखोर नव्हता हो, देवधर्म सगळं पाळणारा, सनातनी घरातला. त्याने केलं म्हणून इतर शेटसावकारांच्या घरातल्या मुली यायला लागल्या असतील असं मला वाटतं.

आता माझा कापलेला स्टार. याच ठिकाणी गाइडने बोर्ड ऑफ एज्युकेशनचा विषय काढला आणि चार मिनिटांत गुंडाळला कारण पुढे सीएसएमटीला फोटो काढायचे होते. तिथेच खटकलं होतं, पण घरी येऊन नीट वाचलं तेव्हा पुरतं कळलं की काय गुंडाळलं ते.

झालं असं की १८४० मध्ये मुंबई इलाख्याचं शिक्षण बघायला सरकारने बोर्ड नेमलं. त्यात हिंदी, म्हणजे भारतीय, लोकांचे तीन प्रतिनिधी, नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. पुढे बोर्डाचे अध्यक्ष झाले सर अर्स्किन पेरी, सुप्रीम कोर्टाचे जज्ज, जबरदस्त वजनाचा माणूस. पेरीसाहेबांचं म्हणणं, जो काही पैसा आहे तो इंग्रजी शिक्षणावर घाला, वरचे थोडे लोक चांगले शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल. आणि इथे तिघेही हिंदी सदस्य आणि कर्नल जर्व्हिस नावाचा एक गोरा इंजिनिअर (याने आधी मराठी पुस्तकं करून घेण्यात फार काम केलेलं) आडवे आले. १८४७ मध्ये नानांनी बोर्डापुढे टिपण ठेवलं. त्याचा मथितार्थ असा की पश्चिम हिंदुस्थानातल्या सामान्य लोकांपर्यंत उपयोगी ज्ञान पोचवायचं असेल तर इंग्रजीपेक्षा देशी भाषाच जास्त कामाच्या. इंग्रजीला त्यांचा विरोध अजिबात नव्हता, इंग्रजी शिकवणाऱ्या संस्था उभ्या करण्यातच त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं! पण ज्याला इंग्रजी शिकायला वर्षानुवर्षं शाळेत बसता येतं असा पोरगा शंभरात किती, बाकीच्यांनी काय करायचं, हा सवाल होता.

जरा विचार करा, कंपनी सरकारच्या बोर्डात बसून, अध्यक्ष हायकोर्टाच्या तोडीचा जज्ज असताना, लेखी देणं की साहेब तुमचं धोरण चुकतंय. बोर्ड सरळ दोन तुकड्यांत फुटलं, प्रकरण सरकारपर्यंत गेलं, दोनतीन वर्षं घुसळण चालली. शेवटी १८५४ चा वुडचा खलिता, म्हणजे विलायतेहून शिक्षणाच्या धोरणाचा हुकूम आला, त्यात वरच्या शिक्षणाला इंग्रजी आणि बहुजनांना देशी भाषा असं दोन्ही आलं. आज घराघरात मराठी मीडियम का इंग्लिश मीडियम यावरून नवराबायकोत वाद होतात, माझ्या घरात पण झालेत, आणि तोच वाद पावणेदोनशे वर्षांपूर्वी सरकारी बोर्डात एवढ्या ताकदीने मांडलेला माणूस आपल्याच रस्त्याच्या नावात आहे. मराठीतून वॉक करताय, मराठी माणसांसाठी करताय, आणि यालाच चार मिनिटं? आत्याने हात वर करून विचारलं होतं की काकू म्हणतेस तर सांग ना, भाषेबद्दल नेमकं काय म्हणाले ते, तर गाइड म्हणाली वेळ झाला की शेवटी बोलू. शेवटी विषय निघाला नाही. चुकलंच ते.

पुढे सोनापूर. मरीन लाइन्सजवळ, आजची चंदनवाडी. मला वाटलेलं स्मशानाजवळ काय थांबायचं, पण हा टप्पा अप्रतिम केलाय. शहर वाढत चाललेलं, सोनापूरच्या आजूबाजूला वस्ती झालेली, सरकारच्या मनात आलं की हे हिंदूंचं स्मशान इथून उचलून शिवडीला न्यावं. आजच्या नकाशावर शिवडी काय, वीस मिनिटं, पण तेव्हा गिरगाव-काळबादेवीतून प्रेत खांद्यावर घेऊन शिवडीपर्यंत चालत जायचं म्हणजे काय ते डोळ्यासमोर आणा, पावसाळ्यात, गरिबाघरचं मयत. नानांनी याला ठाम विरोध केला आणि स्मशान तिथेच राहिलं. गाइडने इथे आवाज खाली घेतला, मागे रस्त्यावरून लोक येत-जात होते, आणि ती म्हणाली आज पण गिरगावातला माणूस शेवटी इथेच येतो. माझे आजोबा इथेच नेले होते. मी काही बोलले नाही, आत्या पण नाही. ती थोडा वेळ गेटकडे बघत राहिली एवढंच.

इथेच एका कॉलेजच्या मुलाने सरळ विचारलं, मॅडम पण हे ब्रिटिशांचे माणूस होते ना, गव्हर्नरबरोबर उठबस, जस्टिस ऑफ द पीस, मग आपण का एवढं कौतुक करायचं? छान प्रश्न होता आणि गाइडने तो टाळला नाही, याचे तिला पूर्ण मार्क. तिने १८५७ चं सांगितलं, की मुंबईत पोलिसांची नजर होती, सरकारच्या मनात नानांबद्दलच संशय आला, की उत्तरेकडच्या बंडवाल्यांशी यांचा काही संबंध आहे का, चौकशी झाली, काही निघालं नाही. म्हणजे सरकारच्या इतक्या जवळचा माणूस, पण वेळ आली की तुम्ही काळेच. आणि दुसरं तिने बॉम्बे असोसिएशनचं सांगितलं.

ते मी जरा सविस्तर लिहिते कारण राजकारणी म्हणून नाना कळायचे तर ते महत्त्वाचं. २६ ऑगस्ट १८५२ ला मुंबईत ही संस्था निघाली, काँग्रेसच्या तेहतीस वर्षं आधी. मानाचे अध्यक्ष सर जमशेटजी जीजीभॉय, पण कामाचे अध्यक्ष नाना, सेक्रेटरी भाऊ दाजी आणि नानांचे चिरंजीव विनायकराव. तेव्हा पंचविशीतले दादाभाई स्थापनेच्या सभेत बोलले. का निघाली? तर १८५३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची सनद नव्याने व्हायची होती, त्याआधी लंडनच्या पार्लमेंटला अर्ज करायचा होता. अर्जात काय, तर कारभार फार खर्चिक आणि संथ आहे, वरच्या जागांवर आमच्या लोकांना घेत नाही, कायदे करणाऱ्या मंडळात आमची माणसं पाहिजेत. भाषा एकदम अदबीची, पण मागणी बघा. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, १८६१ चा कायदा झाल्यावर, १८६२ मध्ये मुंबईचं कायदे कौन्सिल बसलं आणि त्यातल्या पहिल्या हिंदी सभासदांमध्ये नाना होते. म्हणजे जे मंडळ मागितलं त्यातच जाऊन बसले. तो मुलगा मग जरा गप्प झाला पण पटलंय असं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं, आणि ते ठीकच आहे, मला पण सगळं पटलं नाही. त्या कौन्सिलात नेमणूक सरकारच करायचं, सरकारला प्रश्न विचारायची परवानगी नाही, फक्त समोर येईल त्या बिलावर बोलायचं. माझं मत विचाराल तर नाना हे दार किलकिलं करणारे राजकारणी होते, आणि सोनापूर, मुलींची शाळा आणि १८४७ चं टिपण या तिन्ही ठिकाणी त्यांनी दाराला पाय लावून ठेवला.

धोबीतलाव ते सीएसएमटी हा पॅच रटाळ. ऊन चढलेलं, फुटपाथवर दोघं शेजारी चालू शकत नाही, पोर्टेबल स्पीकर खरखरत होता, मागच्या पाच जणांना काही ऐकू येत नव्हतं, त्यात आत्या आणि मी. मुंबई महापालिकेसमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे तिथे दोन मिनिटं थांबून पुढच्या पिढीचा दुवा जोडता आला असता, तोही नाही जोडला.

सीएसएमटीला गेल्यावर मात्र सगळे वर माना करून उभे. इमारतीच्या दर्शनी भागावर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीशी संबंधित माणसांचे चेहरे दगडात कोरलेत, त्यात नाना आणि जमशेटजी आहेत. मी बावीस वर्षं ठाण्याहून इथे उतरतेय, रोज, आणि एकदाही वर बघितलं नव्हतं. फोनचा झूम पुरत नाही, ग्रुपवाल्यांनी दुर्बीण आणलेली, ही कल्पना फार छान, एकेकाने बघितलं, आत्याने दोनदा.

पण इथे माझी दुसरी तक्रार. गाइडने तीनचार वेळा "भारतीय रेल्वेचे जनक" म्हटलं. असं नका करू. रेल्वे बांधली जीआयपी कंपनीने, भांडवल मुख्यतः विलायतेतलं, आणि गुंतवणाऱ्यांना सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिलेली, चीफ इंजिनिअर जेम्स बर्कली. नानांचं काम वेगळं होतं आणि माझ्या मते जास्त अवघड होतं. १८४५ च्या सुमारास मुंबईत रेल्वे पाहिजे म्हणून इथल्या व्यापाऱ्यांनी जी हालचाल केली त्यात नाना आणि जमशेटजी पुढे होते, मग जीआयपीच्या मुंबईतल्या कमिटीवर नाना आले. लोखंडाच्या रुळावरून वाफेवर पळणारी गाडी, तिच्यात बसायचं, कुठल्याही जातीच्या माणसाशेजारी बसायचं, याला तेव्हाचा समाज तयार करायचा तर नानांसारख्याचं वजनच लागणार. १६ एप्रिल १८५३, दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून गाडी सुटली, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी, आणि ३४ किलोमीटरवर आमचं ठाणं. हे सांगताना गाइड इतकी रंगली की रस्त्यावरचे दोन कुली आणि एक पोलीस पण ऐकत उभे राहिले. नुसतं जनक म्हणून मोकळं झालं की हे सगळं झाकलं जातं, एवढंच म्हणणं आहे माझं. स्टेशनांच्या नावांचं पण निघालं, २०२४ मध्ये राज्य सरकारने मुंबई सेंट्रलला नानांचं नाव द्यायचा प्रस्ताव मंजूर केला, त्यावर आमच्या ग्रुपमध्ये वादावादी झाली, ती इथे नको.

शेवट टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची इमारत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी लक्षात ठेवा, तीस पायऱ्या आहेत, सावली नाही. आत्या सत्तरची, मध्ये एकदा बसली, कुणी घाई केली नाही. हा हॉल १८३३ चा, आत गेलं की थंडगार, आणि संगमरवरी पुतळे, एल्फिन्स्टन, माल्कम असे गव्हर्नर लोक, आणि त्यांच्याच पंगतीत आपले नाना. ग्रुपने परवानगी वगैरे आधीच काढून ठेवलेली, वॉचमनशी हुज्जत झाली नाही, याबद्दल खरंच आभार, मुंबईत हे किती अवघड आहे ते मला माहितीये. पुतळ्यासमोर गाइडने शेवटची वर्षं सांगितली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचं वेड लागलं, युद्ध संपलं आणि १ जुलै १८६५ ला सगळा डोलारा कोसळला, भले भले शेट एका दिवसात रस्त्यावर. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नाना गेले, बासष्ट वर्षांचे होते. ते शहर बुडताना बघत गेले हे माझ्या डोक्यातून अजून जात नाहीये.

भायखळ्याचं म्युझियम या वॉकमध्ये नाही, अंतर लांब पडतं, पण तुम्ही स्वतः जाऊन या (बुधवारी बंद असतं). आज भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो ते, आधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. त्याच्या कमिटीचे अध्यक्ष नाना होते, १८६२ मध्ये पायाभरणी झाली आणि उघडायला १८७२ उजाडलं, म्हणजे नानांनी ते उभं राहिलेलं बघितलंच नाही. आम्ही पुढच्या रविवारी दोघी जाऊन आलो. वॉक करणार असाल तर दोन्ही जोडूनच करा.

काही कामाच्या गोष्टी. पाण्याची बाटली स्वतःची न्या, ग्रुपकडून एकच छोटी बाटली मिळते ती ठाकूरद्वारलाच संपली. चार तासांत बाथरूमची सोय नीट अशी एकदाच, सीएसएमटीला, बायकांनी हे धरून चाला. चप्पल नको, बूट. ब्रेकफास्ट ६०० मध्ये नाही, आणि मध्ये खायला थांबतही नाहीत, त्यामुळे खाऊन या. पावसाळ्यात मी तरी करणार नाही. लहान मुलं आणली तर रेल्वे आणि नाटकापर्यंत रमतात, असोसिएशन आणि बोर्ड त्यांच्या डोक्यावरून जातं, दहावीच्या पुढची मुलं असतील तर अगदी योग्य. आणि नक्की पुढे चाला, स्पीकरच्या जवळ, मागे राहिलात तर अर्धे पैसे वाया.

निघताना मी गाइडला बाजूला घेऊन १८४७ बद्दल बोलले, जनकबद्दल पण बोलले. वाईट वाटून घेतलं नाही तिने. आत्याने तिला सांगितलं की ते टिपण शिक्षणखात्याच्या जुन्या छापील कागदपत्रांत आहे, अर्ध्या पानाचा मराठी अनुवाद मी करून देते, तू शाळेच्या टप्प्यावर उभी राहून तो नुसता वाच, बाकी काही बोलू नकोस. पोरीने लगेच फोनमध्ये नंबर घेतला. आत्या गेले दोन आठवडे रोज दुपारी डिक्शनरी घेऊन त्याच कामाला बसलीये, परवा फोन करून मला विचारत होती की व्हर्नाक्युलरला देशी भाषा म्हणू की लोकभाषा. पुढच्या बॅचला तुमच्यापैकी कुणी गेलं तर ते वाचून दाखवलं का तेवढं मला कळवा, मी येऊन स्टार वाढवीन.